‘जातो’ म्हणणाऱ्या पोरी

“बाई, मग आम्ही सगळ्याच तसल्या की!”

वैजू चौगुले बाकावरून उठून हे म्हणाली आणि नववीचा अख्खा वर्ग खदाखदा हसला. मुलांच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. गर्गे बाई हातात खडू घेऊन फळ्यापाशी तशाच उभ्या. आपलं काय चुकलं हे त्यांना कळेना.

बाई नाशिककडच्या. जूनमध्येच बदलून आमच्या नगरपालिकेच्या शाळेत आल्या होत्या. शास्त्र शिकवायच्या आणि शनिवारचा शेवटचा तास किशोरवयाच्या शिक्षणाचा म्हणून त्यांच्याकडेच होता. आधीच्या सरांनी तो तास वर्षानुवर्षं गणिताला वापरला. बाईंनी मात्र तो खरंच घ्यायला घेतला, तिथंच सगळं सुरू झालं.

त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “काही मुलींना लहानपणापासून आतून वाटत असतं की आपण मुलगा आहोत. त्या कुणाला सांगत नाहीत, पण बोलण्यातून ते डोकावतं. ‘मी जाते’ म्हणायच्या ऐवजी त्या ‘मी जातो’ म्हणतात. यात हसण्यासारखं काही नाही आणि लाज वाटण्यासारखं तर मुळीच नाही.”

आता हे नाशिकला ठीक होतं. आमचं गाव कोल्हापूरपासून तासाभरावर. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. आमच्याकडे बायका सर्रास ‘मी जातो’ म्हणतात. आई ‘भाकरी करतो’ म्हणायची, काकी ‘नळावर जाऊन आलो’ म्हणायची. पुण्याहून लग्न होऊन आलेली सूनसुद्धा दोन-चार महिन्यांत ‘येतो हं’ म्हणत घराबाहेर पडायची. म्हणून वर्ग हसला. बाईंच्या हिशेबानं सगळं गावच बाप्यांचं झालं होतं.

मी हसलो नाही. मी मुलींच्या रांगेत, वैजूच्या शेजारी बसायचो.

माझं नाव शीतल मगदूम. आमच्या जैन घरांत शीतल हे नाव मुलीला ठेवतात तसं शीतलनाथांवरून मुलालाही ठेवतात. आमच्या पलीकडच्या गल्लीतले शीतलअण्णा हे मिशीवाले गृहस्थ दूध सोसायटीचे चेअरमन होते. मी झालो तेव्हा घरात बर्फी वाटली, पेढे नाही. आपण मुलगी नाही हे मला कधी कळलं असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही, कारण ते कळलं नव्हतं असा काळच मला आठवत नाही. पण ते कुणाला सांगायची गरज कधी पडली नाही. नाव दोन्हीकडे चालत होतं आणि बोलणं तर साऱ्या गावाचंच माझ्यासारखं होतं. दुसरीकडे कुठं जन्मलो असतो तर पहिल्याच वाक्याला पकडला गेलो असतो. इथं मी दिवसभर ‘आलो, गेलो, जेवलो’ म्हणायचो आणि कुणाचा कान हलत नव्हता.

हशा ओसरल्यावर बाई म्हणाल्या, “बरं, माझं उदाहरण फसलं. तुमची बोली मला अजून शिकायचीय. पण विषय मी सोडणार नाही. पुढच्या शनिवारी नीट बोलू. अशी माणसं पुढे काय करतात, कुठे शिकतात, त्यांना मदत कोण करतं, सगळं सांगते. माझ्या ओळखीचे एक जण आहेत पुण्यात. बँकेत नोकरी करतात. त्यांची हकिगत सांगेन, त्यांनी परवानगी दिलीय.”

घंटा झाली. सगळे दप्तरं उचलून पळाले. मी मात्र बाकावरच बसून राहिलो. अशी माणसं म्हणजे अनेक. तोवर मला वाटायचं की असला मी जगात एकटाच, कुठंतरी काहीतरी बिघाड होऊन झालेला. आणि पुण्यात एक माणूस होता, तो बँकेत नोकरी करत होता, डबा घेऊन कामावर जात असेल, पगारावर सही करत असेल. पुढचा शनिवार कधी येतो असं मला झालं.

पण शनिवारच्या आधी रविवार आला, आणि रविवारी बस्तीत सगळ्या बायका भेटतात. आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. पूजा आटोपल्यावर वैजूची आई तडक आमच्या घरी आली. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती.

“ऐकलंस काय पद्माक्का?” चौगुलेकाकी चप्पल काढायच्या आधीच सुरू झाल्या. “ती नवी बाई शाळेत सांगत्या, ‘जातो’ म्हणणारी बाई म्हंजे आतनं बाप्या असती म्हणं!”

“कोण म्हणालं?”

“आमची वैजू. आता मला सांग, मी काय बाप्या हाय? चार लेकरं काढली की मी!”

आई अशी हसली की सुपातले तांदूळ सांडले. “मग चौगुलेमामांनी बाप्याबरोबरच संसार केला म्हणायचा,” ती म्हणाली. काकीही हसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “हसण्यावारी नेऊ नकोस. पोरींच्या डोस्क्यात काय बाय घालाय लागल्यात. उद्या एखादी उठून म्हणाली, मी पोरगी न्हाईच, तर काय करायचं? कोण करून घेणार तिला? मी तर आडमुठे सरांकडं जाणार. माझी वैजू त्या तासाला बसणार न्हाई.”

“व्हय बाई,” आई म्हणाली. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. त्या ‘व्हय’वर मी पुस्तक मिटलं.

आडमुठे सर आमचे मुख्याध्यापक. आडनाव आडमुठे, पण स्वभाव असा की जो जिकडे ढकलेल तिकडे वळणारे. दोन दिवसांत त्यांच्याकडे इतके पालक येऊन गेले की त्यांनी गुरुवारी दुपारी सभाच बोलावली.

गुरुवारी सकाळी आई भाकऱ्या थापत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, डेअरीवर गेले होते. मी चुलीपाशी जाऊन उभा राहिलो.

“आई, सभेत तू माझं नाव काढू नकोस त्या तासातनं.”

“का गं?”

“मला तो तास पायजे.”

“काय असतंय त्यात येवढं?”

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. 

“बोल की. गप का?”

“पायजे मला. येवढं एकच ऐक माझं. पुन्हा काय मागत न्हाई.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं. मी कधी काही मागायचो नाही. दिवाळीला कपडे घेतानासुद्धा मी दुकानाच्या दारातच उभा राहायचो, आणायचं ते तीच आणायची. तिला बरं वाटलं असावं की पोरगीनं एकदा तरी हट्ट धरला. “बरं,” ती म्हणाली. “बस तू. मी सांगतो सरास्नी.”

सभेला खुर्च्या मांडायला आम्हा नववीच्या मुलामुलींना थांबवलं होतं. खुर्च्या मांडून झाल्यावर घरी जायचं सोडून आम्ही व्हरांड्यात खिडकीला लटकलो. आत बायकाच जास्त होत्या. मागच्या बाजूला काही बापे.

गर्गे बाई उभ्या राहिल्या. “माझी चूक झाली. इथली बोली मला माहीत नव्हती. तुमच्या बोलण्याला मी नावं ठेवली असं वाटलं असेल तर माफी मागते. पण मुलांना हे कळायला हवं. प्रत्येक शाळेत एखादं तरी असं मूल असतं. ते बोलत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.”

“आमच्या शाळेत न्हाई तसलं कोण,” चौगुलेकाकी म्हणाल्या. “बाई, तुमचं ‘जाते’ तुमच्यापाशी ठेवा. आमच्या पोरी जशा हाईत तशा बऱ्या.”

मागून मुल्लाचाचा उठले. साधा, कमी बोलणारा माणूस, बाजारात त्यांचं सायकलचं दुकान. “शिकवायला आमची ना न्हाई,” ते म्हणाले. “पण आधी आम्हाला विचारायचं. लेकरं आमची हाईत. कुठल्या वयाला काय सांगायचं, ते घरातल्यास्नी कळतंय.”

त्यावर बाई खाली बसल्या. मला आज वाटतं, त्यांनाही त्यात काही चूक दिसली नसावी. चूक नव्हतीच. फक्त घरातल्यांना काय कळत नव्हतं, ते सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

मग आडमुठे सरांनी मधला मार्ग काढला. बळजबरी कुणावर नाही. ज्या पालकांना तो तास नको त्यांची मुलं त्या वेळात मैदानावर खेळतील. ज्यांची हरकत नाही त्यांची वर्गात बसतील. “ज्यांना नको त्यांनी हात वर करा,” ते म्हणाले.

हात वर गेले. बांगड्या मनगटावरून खाली घसरल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. बघता बघता सगळेच हात वर. एक आई सोडून. ती दोन्ही हात पदरात घेऊन बसली होती.

सर गप्प बसले असते तर भागलं असतं. पण त्यांना सगळं चोख लागायचं. “मगदूमवहिनी, तुमचं?”

“बसू दे माझी,” आई म्हणाली.

“पद्माक्का, सगळ्यांचं एक आणि तुझंच येगळं व्हय?” काकी म्हणाल्या.

“मी कशाला येगळं करतोय? पोरगीच म्हणत होती, तो तास मला पायजेच म्हणून.”

तिनं हे अगदी सरळ मनानं सांगितलं. थोडं कौतुकानंसुद्धा. माझ्या लेकीला शिकायची आवड आहे, एवढंच तिला चारचौघींत सांगायचं होतं.

 आणि मग मागच्या रांगेतून एक बाई, कोण ते मला दिसलं नाही, सहज म्हणाली, “तिला गं कशापायी पायजे?”

 माना वळल्या. काहींच्या आईकडे, काहींच्या खिडकीकडे. माझ्या शेजारी लटकलेली वैजू हळूच बाजूला सरकली. मी आईकडे बघत होतो. त्या प्रश्नाचं उत्तर ती खुर्चीत बसल्या बसल्या शोधत होती आणि ते तिला सापडत चाललं होतं, हे मला इतक्या लांबून दिसलं. तिनं माझ्याकडे बघितलं, जसं आजवर कधी बघितलं नव्हतं. माझे आखूड केस, मी गुंडाळून दप्तरात कोंबायचो ती ओढणी, दुकानाच्या दाराबाहेर उभं राहणं, सगळं तिनं त्या एका नजरेत मोजलं असेल. मग तिनं मान खाली घातली. हात मात्र वर केला नाही. मला शब्द दिला होता.

घरी जाताना ती माझ्या पुढं दहा पावलं चालत होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. जेवायला वाढलं, डोक्याला तेल लावलं, पण मुक्यानं.

शनिवारी शेवटच्या तासाची घंटा झाली आणि वर्ग मैदानावर पळाला. मी बाकावर बसून राहिलो. वैजू दारातून परत आली.

“चल की गं शीतल. खुळी हाईस काय? एकटीच बसणार?”

“तू जा. मी बसतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. माझं ‘बसतो’ तिनं हजारदा ऐकलं असेल, स्वतः म्हटलं असेल. आज पहिल्यांदा तिला ते ऐकू आलं. “बसते म्हण,” ती पुटपुटली आणि पळाली.

गर्गे बाई आल्या. रिकामे बाक बघून क्षणभर दारातच थांबल्या. मग फळ्याकडे न जाता सरळ माझ्या पुढच्या बाकावर, उलट तोंड करून बसल्या. त्यांना सगळं कळलं होतं. मला काही सांगावं लागलं नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं की रडूच येईल असं झालं.

“घाबरू नकोस,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासारखे खूप आहेत. खरंच खूप. मी म्हटलं ना, पुण्यात माझ्या ओळखीचे एक आहेत, त्यांचं नाव...”

“शीतल, दप्तर घे.”

आई दारात उभी होती. घरातल्याच साडीवर, पायात अण्णांच्या चपला. घाईत दिसतील त्या घातल्या असाव्यात. मागं आडमुठे सर जमिनीकडे बघत उभे.

मी उठलो नाही. “आई, तू हात वर केला न्हवतास.”

“आता करतो,” ती म्हणाली आणि तिनं हात वर केला. सभा नाही, माणसं नाहीत, रिकाम्या वर्गाच्या दारात ती एकटी हात वर करून उभी राहिली.  मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती थांबली, आणि नवीन शब्द वाचावा तसं सावकाश म्हणाली, “करते. आता करते.”

“वहिनी, पाचच मिनिटं द्या मला,” बाई म्हणाल्या. “तुमचं मूल फार एकटं आहे हो.”

“एकटं न्हाई ते. मी हाय.” आईचा आवाज चढला नव्हता. “बाई, तुम्ही उद्या बदलून जाणार. आम्हाला इथंच ऱ्हायाचंय. मला सांगा, ह्याचं... हिचं मी गावात काय करू?”

 मी दप्तर उचललं. मैदानावरून जाताना खो-खो थांबला आणि सगळे आमच्याकडे बघत राहिले. पुण्यातल्या त्या माणसाचं नाव मला कधीच कळलं नाही. पुढच्या जूनमध्ये बाई बदलून गेल्या.

त्या शनिवारनंतर काही दिवस गावात मोठी गंमत झाली. घरोघरी आया पोरींना दटावू लागल्या, “जाते म्हण, आले म्हण.” पोरी हसत हसत म्हणायच्या, मध्येच चुकायच्या, मग आयाही चुकायच्या. दिवाळीपर्यंत सगळ्या ते विसरून गेल्या. वैजू पुन्हा ‘आलो की गं’ म्हणत हाका मारू लागली, मला नाही, दुसऱ्या मैत्रिणीला.

आमच्या घरात मात्र कुणी विसरलं नाही. आईनं मला मारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही, अण्णांनाही नाही. तिनं फक्त भाषा बदलली. “भाकरी करते.” “नळावर जाऊन येते.” अण्णा चेष्टा करायचे, “काय, पुण्याची झालीस व्हय?” ती हसायची नाही. तिला वाटत असावं, आपल्या तोंडून ऐकून ऐकून पोरीला लागलं, आता आपणच सोडलं की सुटेल. भांडी घासताना ती एकटीच पुटपुटायची, “घासते, ठेवते, पुसते.” चुकली की जीभ चावायची. ते ऐकून माझा जीव तुटायचा. तिच्यावर रागही यायचा. आपल्यापायी कुणी स्वतःची जीभ अशी वळवत असेल तर त्याच्यावर धड चिडतासुद्धा येत नाही.

“तू पण म्हण,” ती मला सांगायची. “जाते म्हण.”

मला ते म्हणता आलं नाही. ‘जातो’ म्हणायचीही सोय राहिली नाही. मग मी दोन्ही सोडलं. मराठीत असं बोलता येतं, कुणी करून बघितलं नसेल. मला भूक लागली. माझा अभ्यास झाला. शाळेची वेळ झाली. मला नको. मी करतो, मी जातो असं काही नाहीच. बारावी होईपर्यंत मी घरात तसाच बोललो. पाहुणे म्हणायचे, मगदुमांची पोरगी किती शांत आहे.

नंतर मी पुण्याला गेलो. त्या एका तासाला जे कळणार होतं ते कळायला मला आणखी अकरा वर्षं लागली. त्यातली मधली काही फार वाईट गेली. जगलो, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी आई आजारी पडली आणि तिला मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं. अण्णा आधीच गेले होते. चुलतभावानं फोन केला म्हणून मी पोचलो. माझा आवाज बदललेला, तोंडावर दाढी. आईनं ओळखलं. गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “वाळलास.” मग तोंड भिंतीकडे वळवलं.

तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला आणि ती बरळायला लागली. कुठल्या वर्षातलं, कुणाशी, काही पत्ता नाही. मी शेजारी बसून ऐकत होतो. इतक्या वर्षांनी, शुद्ध नसताना तरी ती तिचं बोलेल असं मला वाटत होतं. मला ते ऐकायचं होतं. “दूध तापवते,” ती म्हणत होती. “दार लावते हं. जरा बसते. येते मी, येते.” माहेरच्या माणसांशी बोलली, तिच्या मेलेल्या बहिणीशी बोलली. एकदाही चुकली नाही.

दुपारी नर्स आली. सांगलीकडची पोरगी, तरतरीत. “थांबा दादा, सलाईन बदलतो,” म्हणाली. बाटली लावता लावता तिनं आईचं बोलणं ऐकलं.

“मावशी पुण्याकडच्या काय ओ?”

“नाही. इथल्याच.”

“मग ‘येते, करते’ कशा म्हणतात? आमच्याकडं म्हाताऱ्या बायका न्हाई असं बोलत.”

“आधी नव्हती बोलत,” मी म्हणालो.

“मग कवापासनं?”

“नववीपासून,” मी म्हणालो. तिला काही कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. “म्हणजे, मी नववीत होतो तेव्हापासून.”